पाणी उकळावे, पाने उकळू नयेत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘परदेशातील अनुभव’ या विषयावर बोला असे सांगितले होते. पण मुलीच्या घरी पाच महिने राहून आलेल्या बाईचे अनुभव ते कितीसे असणार? नातवाची दुपटी परदेशातही इथल्यासारखीच धुवावी लागतात आणि पावसात तिथेही वाळत नाहीत. तेव्हा तो विषय बाजूला ठेवून, तैवानात राहून मला जी एक गोष्ट थोडीफार समजली तिच्याविषयीच आज बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे तिथल्या उंच डोंगरांवरचा वूलाँग चहा.

चहावर भाषण कशाला, असे तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल. आपल्या हातून रोज निदान चार वेळा चहा होतो. आधण ठेवायचे, साखर टाकायची, पूड टाकायची, आले किंवा गवती चहा असला तर तो टाकायचा, दूध घालून एक उकळी आणायची आणि गाळायचे. झोपेतून उठवून करायला सांगितले तरी चुकणार नाही. या चहाला नावे ठेवायला मी उभी राहिलेली नाही. पाहुणा आला, पाऊस आला, कुणाचे डोके दुखले, की मलाही तोच लागतो. पण आपण ही जी दाणेदार पूड वापरतो, ती १९३० च्या सुमारास आसामात निघालेल्या एका यंत्राची करामत आहे. दातेरी रुळांमधून पान चिरडायचे, फाडायचे आणि त्याचे दाणे वळायचे. ती पूड दुधाशी आणि साखरेशी सामना करण्यासाठीच जन्माला आली आहे म्हणा ना! चांगली उकळल्याशिवाय दुधातून ती डोके वर काढीत नाही.

म्हणजे आपल्या चहात चव बरीचशी आपण घालतो. तिकडच्या चहात चव अगोदरच घातलेली असते. थोडी डोंगराने, थोडी खुडणाऱ्या बाईने, आणि पुष्कळशी रात्रभर जागणाऱ्या कारागिराने. आपण फक्त ती बाहेर येऊ द्यायची. ‘चहा करणे’ या शब्दाचा अर्थच तिथे बदलतो. हे एकदा ध्यानात आले की पुढचे सगळे नियम आपोआप सुचू लागतात, पाठ करावे लागत नाहीत.

आता हे तैवान कुठे, ते सांगते. चीनच्या किनाऱ्यासमोरचे ते एक बेट आहे. आपल्या महाराष्ट्रात तशी आठ बेटे सहज मावतील. कर्कवृत्त त्याच्या मधून जाते, म्हणजे खाली सपाटीवर हवा आपल्यासारखीच दमट आणि उकाड्याची, केळी आणि आंबे पिकणारी. पण बेटाच्या मधोमध जो डोंगराचा कणा आहे, तो पाहून आपल्या सह्याद्रीची सवय झालेला माणूस थक्क होतो. तीन हजार मीटरवरची दोनशेहून अधिक शिखरे आहेत, आणि युशान नावाचे सर्वांत उंच शिखर ३,९५२ मीटरचे आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई, ती १,६४६ मीटर. हा आकडा मनात धरून ठेवा. तैवानात साधारण एक हजार मीटरच्या वर पिकलेल्या चहालाच ‘गाओशान छा’ म्हणजे ‘उंच डोंगराचा चहा’ म्हणतात. अलीशानचे मळे एक हजारापासून कळसूबाईच्या उंचीच्या आसपासपर्यंत आहेत, आणि लीशानचे तर दोन हजार मीटर व त्याच्याही वर. कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहिले, तरी लीशानचा मळा मान वर करूनच पाहावा लागेल!

उंचीने चवीत फरक का पडावा? झाड तेच आहे. आपला आसामचा, दार्जिलिंगचा, चीनचा हिरवा, हा वूलाँग, ही सगळी चहाच्या एकाच जातीच्या झाडाची पाने. पण वर थंडी असते, दुपारनंतर ढग उतरतात, ऊन बेताचे मिळते, दिवसाच्या आणि रात्रीच्या हवेत मोठा फरक असतो. अशा हवेत पान सावकाश वाढते, जाड होते. चहाला कडवट-तुरट करणारी द्रव्ये त्यात कमी साठतात आणि गोडसर, भरीव चव देणारी द्रव्ये त्या मानाने अधिक राहतात. खालच्या मळ्यात वर्षातून पाच-सहा वेळा खुडणी होते, तर अगदी वरच्या मळ्यात दोन किंवा तीनच. वसंतातली आणि हिवाळ्याच्या तोंडची खुडणी चांगली समजतात. घाईने वाढलेल्या भाजीत आणि थंडीतल्या भाजीत जो फरक आपण मंडईत ओळखतो, तोच हा.

आता खुडणीविषयी. आपल्याला ‘दोन पाने आणि एक कळी’ हे ऐकून माहीत आहे. वूलाँगला कोवळी कळी चालत नाही. शेंड्याची वाढ थांबून वरचे पान उघडले, की त्याच्याखालची दोन-तीन पाने देठासकट खुडतात. फार कोवळे पान पुढच्या मारझोडीत टिकत नाही, फार जून झाले तर वळत नाही. मधले चार-सहा दिवस हाताशी असतात, त्यात पाऊस नको आणि धुके फार नको.

मुलगी-जावई शिंचू या गावी राहतात. तिथे यंत्रगणकांच्या चकत्यांचे मोठमोठे कारखाने आहेत आणि आपली पुष्कळ मुले तिथे कामाला व शिकायला आहेत. त्यांच्या शेजारणीचे माहेर अलीशानच्या बाजूला आहे. तिच्याबरोबर आम्ही वसंतातल्या खुडणीला गेलो. उतारावर एका ओळीत पंधरा-वीस बाया. डोक्यावर बांबूची टोपी, टोपीवरून हनुवटीखाली बांधलेला फुलाफुलांचा रुमाल, हातांत बाह्या, कमरेला टोपली. आणि दोन्ही हातांच्या तर्जनीला चिकटपट्टीने बांधलेले दाढीचे पाते! अंगठा आणि ते पाते यांच्या चिमटीत देठ आला की पान सुटते. एका बाईच्या दोन्ही हातांची इतकी झरझर हालचाल चालली होती की मला आपली वाटाणे सोलण्याची बढाई आठवून हसू आले. मजुरी वजनावर. ओले पान चार-साडेचार किलो खुडावे तेव्हा तयार चहा एक किलो होतो.

त्यांतल्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या होत्या. तिकडे आजीला ‘आमा’ म्हणतात, साऱ्या आमाच. तरुण मुली शहरात गेल्या, ही तिथलीही रड आहे. दोघी-तिघी मात्र लहान वयाच्या होत्या, त्या व्हिएतनामहून लग्न होऊन आलेल्या सुना. दुपारी जेवायला सगळ्या एका ताडपत्रीखाली बसल्या. एका आमाने मला जवळ बसवून घेतले, माझ्या बांगड्या फिरवून पाहिल्या आणि मोठ्या थर्मासातला चहा झाकणात ओतून दिला. तो मळ्यातला उंची चहा नव्हता, खालचा साधा, कडक. मुलीच्या शेजारणीने विचारले तेव्हा आमा म्हणाली, की आम्ही खुडतो तो विकायचा, हा प्यायचा. यात दुःख होते असे मला वाटले नाही. आपल्याकडची हापूसची बाग असलेली बाई चांगली पेटी मुंबईला धाडते आणि घरात डागी फळाचा रस करते, तसेच ते. पण ती पाते बांधलेली बोटे मी पाहिली. त्यानंतर चहाची पाने एकदाच पाण्यात घालून फेकून देणे मला जमेना.

पाने खुडून आणली की खरे काम सुरू होते, आणि ते दुसऱ्या दिवशीपर्यंत संपत नाही. हा भाग मी जरा सविस्तर सांगते. चव कुठून येते ते इथेच कळते.

आधी पाने अंगणात कापडावर पसरून उन्हात कोमेजू देतात. ऊन कडक असेल तर वर जाळी धरतात. आपण मेथी निवडून पसरून ठेवली की ती जशी मलूल होते, तेवढीच. मग आत नेऊन बांबूच्या मोठमोठ्या परड्यांत पातळ थर देतात. दोन-दोन तासांनी येऊन ती पाने हाताने हलक्या हाताने घोळवायची, पुन्हा पसरायची आणि स्वस्थ बसू द्यायची. पुढेपुढे घोळवणे वाढत जाते, शेवटी बांबूच्या पिंपात घालून फिरवतात. असे रात्री उशिरापर्यंत, कधी पहाटेपर्यंत. पान पानावर आपटते, कडा चेचतात, आणि चेचलेल्या कडांना हवा लागून त्या तांबूस होऊ लागतात. सफरचंद चिरून ठेवले की लाल पडते, तीच क्रिया. जुने लोक चांगल्या वूलाँगचे वर्णन ‘हिरवे पान, तांबडी कड’ असे करतात. हिरव्या लुगड्याला तांबडे काठ म्हटले की आपल्याला ते पटकन दिसते! काळ्या चहात ही क्रिया पुरी होऊ देतात, हिरव्या चहात मुळीच होऊ देत नाहीत. वूलाँग मधला. कुठे थांबायचे ते कारागिराने ठरवायचे.

आणि तो ठरवतो नाकाने. पहिल्यांदा खोलीत कापलेल्या गवताचा उग्र वास असतो. दोन-तीनदा घोळवल्यावर तो मावळतो. मग मध्यरात्रीच्या सुमारास, मी खोटे सांगत नाही, त्या गोदामासारख्या खोलीत अनंताच्या फुलांचा वास सुटला. बाहेर एकही फूल नव्हते. हे कसे होते याचा शास्त्रज्ञांनी अलीकडे चांगला छडा लावला आहे. पान खुडले तरी लगेच मरत नाही. पाणी कमी होते आहे, अंगावर आघात होत आहेत, असे त्या जिवंत पानाला जाणवते, आणि ते आपल्या पेशींत निरनिराळी सुगंधी द्रव्ये बनवू लागते. जाईत, अनंतात जी असतात त्यांतलीच काही द्रव्ये वूलाँगच्या पानात या रात्रीतून तयार होतात. म्हणजे हा वास वरून शिंपडलेला नाही. झाडावरच्या ताज्या पानातही तो असा नसतो. तो त्या एका रात्रीत घडतो. कारागीर एक तास जास्त झोपला तर तो वास गेला, पुन्हा येणे नाही.

वास मनासारखा आला की पाने तापलेल्या फिरत्या पिंपात टाकून भाजतात, म्हणजे सगळी क्रिया तिथेच थांबते. मग दुसऱ्या दिवशी वळणे. वीसएक किलो पाने कापडात गच्च बांधून यंत्राने पिळून त्याचा चेंडू करायचा, तो फिरवत दाबायचा, सोडायचा, पाने मोकळी करून जराशी गरम करायची, पुन्हा बांधायचा. असे एकदा-दोनदा नव्हे, तीस-तीस वेळा. मग एकेक पान देठासकट आवळून वाटाण्याएवढी गोळी होते. ती वाळवतात आणि मग काहीजण मंद आचेवर भाजतात.

भाजण्यावरून तिकडे दोन पक्ष आहेत. हल्लीची आवड अगदी कमी भाजलेल्या, हिरवट, फुलांच्या वासाच्या चहाची. जुनी माणसे म्हणतात तो कच्चा, पोटाला लागतो. चांगला भाजलेला, भाजल्या धान्याचा आणि गुळाचा वास येणारा तो खरा. लुगू गावच्या दोंगदिंगचा चहा असा भाजका म्हणून नावाजलेला आहे. माझे मत कुणी विचारलेले नाही, पण मी जुन्या माणसांच्या बाजूची. फुलांचा वास पहिल्या दिवशी भुलवतो. भाजका चहा महिनाभर पिऊनही कंटाळा येत नाही.

थोडा इतिहास सांगते. तैवानातली चहाची रोपे आणि हे कसब समोरच्या चीनच्या फुकिएन प्रांतातून आले. १८६९ साली जॉन डॉड नावाच्या ब्रिटिश व्यापाऱ्याने तिथला वूलाँग दोन जहाजे भरून थेट न्यूयॉर्कला पाठवला आणि ‘फॉर्मोसा वूलाँग’चे नाव झाले. पण तो खालच्या टेकड्यांवरचा चहा. उंच डोंगराचा चहा तुमच्या-माझ्या हयातीतला आहे. १९६० साली बेटाच्या मध्यभागातून डोंगर फोडून आडवा रस्ता झाला. रस्ता बांधणारे निवृत्त सैनिक लीशानच्या आसपास वसले आणि त्यांनी सफरचंद, नासपती लावली. पुढे परदेशी सफरचंदांना बाजार खुला झाला, भाव कोसळले, आणि त्याच उतारांवर चहा आला. अलीशानलाही मळे १९८० च्या आगेमागे वाढले. तेव्हा हा पुराणकाळापासूनचा वगैरे चहा आहे असे कुणी दुकानदार सांगू लागला तर विश्वास ठेवू नका.

वाणांतले दोन लक्षात ठेवा. ‘चिंगशिन’ हा जुना, नाजूक, उत्तम वासाचा. ‘जिनश्वान’ हा तिथल्या सरकारी चहा-संशोधन केंद्राने १९८१ मध्ये काढलेला. त्याला तापल्या दुधावरच्या सायीसारखा सौम्य वास असतो. तो फार लोकप्रिय झाला, म्हणून बाजारात ‘दुधाचा वूलाँग’ या नावाने वरून अर्क लावलेला चहाही सर्रास मिळतो. पुडी उघडताच मिठाईच्या दुकानासारखा दर्प आला तर तो अर्क समजावा.

चव कशी असते, हे शब्दांत सांगणे अवघड. रंग पाहाल तर फिका, सोनेरी-हिरवट. आपल्याकडची सासू ‘पाणी दिलं का गं?’ म्हणेल! पहिल्या घोटाला जिभेवर फारसे काही घडत नाही. तो साधारण भाताच्या पेजेसारखा मऊ, जरा स्निग्ध लागतो. वास नाकातून मागे जातो. गिळल्यावर क्षणभराने घशाकडून गोडवा वर येतो. याला ते ‘हुई-गान’, म्हणजे ‘परतून येणारी गोडी’ म्हणतात. तिथल्या जाणकार बाईने मला हे पुष्कळ समजावून सांगितले आणि माझ्या लेकीने त्याचे भाषांतर केले, पण खरे म्हणजे आपल्यापैकी कुणालाही ते समजावण्याची गरज नाही. आवळा खाऊन वर पाणी प्यालो की जे होते, ते हे. आवळ्याचे ठळक, याचे हळुवार, एवढाच फरक. ही गोडी येत नसेल, नुसताच वास आणि मागे कोरडेपणा राहत असेल, तर चहा उंचावरचा नाही किंवा नीट केलेला नाही.

आता कृती. वह्या काढल्या आहेत, ते मी पाहतेच आहे.

प्रथम पाणी. मचूळ किंवा जड पाण्यात हा चहा मरतो. विंधनविहिरीच्या पाण्याने ज्यांच्या भांड्यांना पांढरा थर येतो, त्यांनी पिण्याचे गाळलेले गोडे पाणीच घ्यावे. पाणी खळखळ उकळू द्यावे. हिरव्या चहाला उकळते पाणी चालत नाही हे काहीजणींनी वाचले असेल. ते खरे आहे, पण वूलाँगच्या घट्ट गोळीला ते लागू नाही. कोमट पाण्यात ती गोळी उलगडतच नाही. खुद्द लीशानला दोन हजार मीटरवर पाणी ९३ अंशांलाच उकळते, आपल्याकडे त्याहून गरम मिळते, तेव्हा आपण सुदैवी. मात्र पाणी उकळावे, पाने उकळू नयेत. पाने घातलेले भांडे पुन्हा शेगडीवर चढवले की रात्रभर जागून मिळवलेला वास पाच मिनिटांत वाफेबरोबर जातो आणि मागे काढा उरतो.

भांडे चिनी मातीचे, लहान, झाकणाचे. छोटी किटली असली तर उत्तम, नसली तर कप आणि वर बशी. आधी त्यात उकळते पाणी घालून ते गरम करा आणि पाणी ओतून टाका. मग सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, गोळ्या घाला. गरम भांड्यात कोरड्या गोळ्यांचा वास जरूर घ्या, निम्मी गंमत त्यात आहे. त्यावर लहान वाटीभर, सव्वाशे मिलिलिटरच्या आतबाहेर, उकळते पाणी ओता, झाकण ठेवा आणि सावकाश पन्नास अंक मोजा. मग सगळे पाणी दुसऱ्या भांड्यात काढा. सगळे हं, थेंबही पानांत राहू देऊ नका. राहिले की तुरटपणा येतो.

हे जे दुसरे भांडे, त्याला तिकडे ‘न्यायाचा पेला’ म्हणतात. थेट किटलीतून चार पेले भरले तर पहिलीला फिका आणि शेवटचीला कडक मिळतो. आधी एकत्र काढून मग वाटला की सर्वांना सारखा. आपल्या हळदीकुंकवाच्या समारंभाला असा एखादा न्यायाचा पेला असता तर कित्येक रुसवे वाचले असते!

दुसऱ्या पाण्याला गोळ्या उलगडलेल्या असतात, म्हणून चाळीस अंक पुरेत. तिसऱ्याला पन्नास, आणि मग दर वेळी पंधरा-वीस वाढवत जा. चांगला चहा पाच-सहा पाणी देतो. पहिल्यात वास, दुसऱ्या-तिसऱ्यात अंग, पुढे नुसती गोडी. शेवटी पाने ताटलीत उलगडून पाहा. चमचाभर गोळ्यांतून पसाभर अखंड पाने निघतात, देठासकट. ती फाटकी-तुटकी निघाली तर खुडणी यंत्राची होती असे समजावे.

रोजच्या घाईत हे कोण करणार, असे मागून कुणीतरी म्हणते आहे. बरोबर आहे. तिकडेही सगळे रोज हे करीत नाहीत. या साग्रसंगीत चहाला तिथे पूर्वी ‘म्हाताऱ्यांचा चहा’च म्हणत; ज्यांना वेळ आहे त्यांचा. साधा उपाय सांगते. मोठ्या काचेच्या पेल्यात चमचाभर गोळ्या टाका, उकळते पाणी घाला, चार-पाच मिनिटे थांबा. पाने तळाशी बसतात. वरचा चहा पीत जा, तळाशी थोडा राहिला की पुन्हा गरम पाणी. दुपारपर्यंत एकच पेला पुरतो. उन्हाळ्यात आणखी सोपे. अर्धा लिटर गार पाण्यात पाच ग्रॅम घालून बाटली रात्री फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. गार पाण्यात कडवटपणा फारसा उतरतच नाही.

तिथल्या स्पर्धांत परीक्षक मात्र उलट करतात. तीन ग्रॅम चहा, दीडशे मिलिलिटर उकळते पाणी, आणि चक्क सहा मिनिटे. चव चांगली यावी म्हणून नव्हे, दोष लपू नये म्हणून. आपण पातळ घेताना ते उन्हात धरून पाहतो ना, तसे.

साखर-दूध घातले तर? काही पाप लागत नाही. पण त्या गोडीखाली परतून येणारी गोडी दबून जाईल, आणि मग एवढा महागाचा चहा आणायचाच कशाला? वजन उतरते का, असेही एकीने खासगीत विचारले. त्यासाठी जिना चढावा. हा औषध नव्हे. यातही झोप उडवणारे द्रव्य आहे, रात्री उशिरा घेऊ नये. आणि कोणताही चहा जेवणाबरोबर घेतला की पालेभाजीतले, डाळीतले लोह अंगी कमी लागते. आपल्या बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. हे आपल्या रोजच्या चहालाही लागू आहे.

आता पैशांचे. नेहमीच्या पुडीच्या कितीतरी पटींनी हा महाग, हे खरे. तिथे दीडशे ग्रॅमच्या पुड्या मिळतात. एका वेळी पाच ग्रॅम धरले तर तीस बैठका, आणि प्रत्येक बैठकीत पाच-सहा पाणी. असा हिशेब केला की आकडा तितका भयंकर राहत नाही. पण महाग म्हटले की लबाडी आलीच. व्हिएतनाममध्ये याच वाणांची लागवड झालेली आहे, आणि तिथला चहा अलीशानच्या नावावर खपवण्याचे प्रकार पकडले गेले आहेत. आता तिथल्या संशोधन केंद्रात पानातल्या खनिजांच्या प्रमाणावरून तो कोणत्या मातीतला हे तपासतात. व्हिएतनामचा चहा वाईट असतो असे नव्हे. त्याच्याच नावाने आणि त्याच्याच भावाने विकावा, इतकेच.

आणि एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. लीशानला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे हिरवे पट्टे इतके सुंदर दिसतात, तिथे पूर्वी जंगल होते. चहाचे झुडूप मोठ्या झाडासारखी माती धरून ठेवीत नाही. लीशानच्या खाली देजी नावाचे मोठे धरण आहे, वरची माती आणि खत वाहून त्यातच जाते. ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट नावाचे वादळ आले तेव्हा अलीशानच्या केंद्रावर चार-पाच दिवसांत २,८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला गेला. दक्षिणेकडे शियाओलिन नावाचे गाव दरडीखाली गाडले गेले. ते चहामुळे गेले असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे खोटे होईल. पण २०१४ साली आपली माळीण गेली, तेव्हापासून डोंगर म्हणजे काय ते आपल्याला निराळे सांगावे लागत नाही. दायुलिंग म्हणून आणखी उंचावरचे ठिकाण आहे, अडीच हजार मीटरच्या आसपासचे. तिथला चहा सर्वांत महाग. त्यांतले काही नामांकित मळे सरकारी वनजमिनीवर होते. २०१० नंतरच्या वर्षांत वनखात्याने जमीन परत घेतली, रोपे काढून टाकली आणि झाडे लावली. चहाचे शौकीन फार हळहळले. आमच्या शेजारणीचे वडील, ज्यांचे सारे आयुष्य चहात गेले, ते मात्र म्हणाले की झाले ते बरे झाले. इतक्या उंचावर माणसाने फक्त पाहायला जावे. मला त्यांचे म्हणणे पटले. म्हणून मी जो चहा आणला आहे तो अलीशानच्या कमी उंचीच्या मळ्यातला, तेराशे मीटरचा. आपल्या महाबळेश्वरच्या उंचीचा म्हणा. आणि तो भाजका आहे, पक्ष आधीच जाहीर केलेला आहे.

शेवटची सूचना साठवणीची. पुडी फोडली की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून दूर, आणि मुख्य म्हणजे मसाल्याच्या फडताळात नको. हे पान वास फार ओढून घेते. हिंगाच्या डबीशेजारी आठवडाभर राहिले तर अलीशानही हिंगाचाच लागेल.

आत तीन किटल्या तयार आहेत. पाहिलेत ना, कार्यकारिणीच्या भगिनी मघापासून घड्याळाकडे बघत आहेत. पेले लहान आहेत, ते कंजूषपणा म्हणून नव्हे. पहिले पाणी फिके वाटेल. पेला खाली ठेवून देऊ नका, दुसरे येते आहे.